साडेतीन गीझरची एनओसी

पेट्रोलची गाडी घेताना फक्त बायकोची परवानगी लागते. इलेक्ट्रिक गाडी घेताना बायको, वीज कंपनी, सोसायटी आणि पृथ्वी अशा चौघींची लागते. पहिल्या तिघींची कल्पना प्रत्येकाला असते. चौथीचं नाव वायरमन काढतो, आणि तेही गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर.

पहिली परवानगी त्यातल्या त्यात सोपी. गाडीबरोबर एक साधी केबल मिळते. ती १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये खोचली की ३.३ किलोवॅटने चार्जिंग होतं, म्हणजे ३० युनिटची रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास. भिंतीवर ७.२ किलोवॅटचा डबा बसवला तर तेच काम साडेचार तासांत. मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो आणि बायको गवार मोडत होती.

"तुझं ऑफिस बारा किलोमीटरवर. जाऊन-येऊन चार युनिट. साध्या केबलने सव्वा-दीड तासात भरतील. आणि गाडी संध्याकाळी आठपासून सकाळी नऊपर्यंत उभीच. मग फास्ट कशाला?"

"अडीअडचणीला असावा."

यावर ती गप्प बसली. तिला बसावंच लागलं, कारण याच कारणासाठी आमच्या दिवाणात तिने पाहुण्यांच्या सहा गाद्या गेली कित्येक वर्षं कोंबून ठेवल्या आहेत.

मध्येच इंजिनिअरिंगला असलेला भाचा येऊन म्हणाला, "मामा, घेतोयस तर २२ किलोवॅटचा घे." घरातल्या एसी विजेचं बॅटरीला चालणाऱ्या डीसीत रूपांतर करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं. भिंतीवरचा डबा गाडीला फक्त 'एवढा करंट ओढलास तर चालेल' असं कळवतो आणि दोघांचं जमलं की वीज सोडतो. गाडीची कुवत ७.२ ची असेल तर भिंतीवर २२ चा डबा टांगूनही ती ७.२ च घेणार. हायवेवरच्या चार्जरचं वेगळं. तो थेट बॅटरीत डीसी ओततो, तेही पन्नास-साठ किलोवॅटने. "मग तोच बसवू घरी!" भाचा म्हणाला. आमचे वायरमन अण्णा शांतपणे म्हणाले, "बसवू की. शेजारी एक ट्रान्सफॉर्मर पण बसवू. तुमचा हॉल मोठाच आहे."

दुसरी परवानगी वीज कंपनीची. आमच्या फ्लॅटचा मंजूर भार तीन किलोवॅट. त्यात एकट्या डब्याला सात हवेत. भार वाढवून घ्यायचा, नाही तर गाडीसाठी वेगळा मीटर. वेगळ्या मीटरचा फायदा असा की गाडीच्या युनिटांमुळे घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसत नाही. शिवाय वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत केंद्राने २०२४ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती केली, तिच्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नवी जोडणी देण्याची मुदतही घटवली आहे : महानगरात तीन दिवस, इतर शहरांत सात, खेड्यात पंधरा. हे वाचून माझा ऊर भरून आला. मी ऑनलाइन अर्ज भरायला बसलो आणि 'कागदपत्रे जोडा' या रकान्यापाशी थांबलो. पार्किंग माझं, पण भिंत सोसायटीची. सोसायटीची एनओसी हवी. वीज कंपनीचे तीन दिवस कॅलेंडरवर मोजता येतात. आमच्या कमिटीचा महिना मात्र सभेला कोरम झाला तरच पुढे सरकतो.

कोरम झाला. चेअरमनकाका सरकारी खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला.

"दोन किलोवॅटचा एक गीझर. म्हणजे तुमचे ७.२ किलोवॅट म्हणजे साडेतीन गीझर झाले. पार्किंगमध्ये रात्रभर साडेतीन गीझर चालू ठेवायला परवानगी द्यायची का, असा मूळ प्रश्न आहे."

सभेत कुजबुज झाली. किलोवॅटला कोणी घाबरत नव्हतं, पण गीझर प्रत्येकाच्या घरात होता. खजिनदारांना वाटलं, हे गीझर कॉमन मीटरवर चालणार. म्हणजे बिल लिफ्टच्या आणि पाण्याच्या पंपाच्या नावावर. 'उद्या सगळ्यांनीच गाड्या घेतल्या तर?' हा प्रश्न मात्र रास्त होता. बत्तीस फ्लॅट, बत्तीस डबे, सगळे एकाच वेळी चालू म्हणजे २३० किलोवॅट. बिचारा ट्रान्सफॉर्मर! त्यावर उपायही आहे. रात्रीच्या पाळ्या लावता येतात किंवा एकूण भार बघून आपापसात करंट वाटून घेणारे चार्जर बसवता येतात. पण पाण्याच्या टँकरची पाळी ठरवताना आमच्या सोसायटीत दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालेलं आहे, त्यामुळे मी हा उपाय मांडला नाही.

मग मी केंद्राची जानेवारी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून दाखवली. आपल्या घरच्या सध्याच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, असं त्यांत स्वच्छ लिहिलंय. २०१९ पासून केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमावलीत नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी वीस टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवायला सांगितलं आहे, हेही सांगितलं. चेअरमनकाका म्हणाले, "आपली इमारत त्याच्या आधीची आहे. तिला हे नियम माहीत नाहीत." ठराव झाला : तज्ज्ञांचं मत घेऊन पुढील सभेत विचार करणे.

दरम्यान गाडी आली. हिरवी नंबरप्लेट, त्यावर पांढरे आकडे. पेढे वाटून झाले. साध्या केबलने तरी सुरुवात करावी म्हणून अण्णांनी माझ्याच मीटरवरून पार्किंगमध्ये एक सॉकेट काढून दिलं. केबल लावली. गाडीने लाल दिवा दाखवला आणि स्क्रीनवर मजकूर आला, त्याचा मराठी सारांश : अर्थिंग नाही, मी घेणार नाही.

अण्णांनी टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा झकास लागला. फेज आणि अर्थमध्ये तो लागलाच नाही. सॉकेटपासून मीटर रूमपर्यंत सगळं तपासत अण्णा मुख्य पॅनलशी पोचले. तिथून अर्थिंगची लोखंडी पट्टी निघाली होती. रुंद, ठसठशीत, वर हिरवा रंग. भिंतीवरून ती रुबाबात खाली आली होती आणि जमिनीच्या वीतभर वर संपली होती. पुढे काही नाही, नुसती हवा. इमारत बांधल्यापासून बत्तीस कुटुंबं श्रद्धेवर जगत होती.

बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर पोचली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तरीच आमचं वॉशिंग मशीन झिणझिण्या देतं! मी आपली पायाखाली पाट घेते." शेजारच्या जोशीणबाई फ्रिज ओढणीने उघडत होत्या. कोणाकडे मिक्सरसाठी रबरी चपलांचा खास जोड होता. जो तो हा आपल्या घरापुरता दोष समजून गप्प होता. सगळ्यांत मोठा गौप्यस्फोट चेअरमनकाकूंनी केला : काका आधी बादली भरतात, मग गीझर बंद करतात आणि त्यानंतरच पाण्याला हात लावतात. आम्हाला ते आजवर वीजबचतीसाठी सांगत आले होते.

तेव्हा पुढची सभा पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या झाली आणि कोरम मोजायची गरज पडली नाही. आठवड्याच्या आत खड्डा खणला. अर्थिंगचा खड्डा हा विषय असा आहे की त्यात प्रत्येकाला मत असतं. तळाशी प्लेट उभी करायची आणि भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे. कोळसा ओल धरून ठेवतो, मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते, त्यामुळे चुकार करंट मुकाट्याने जमिनीत उतरतो. "आयोडीनवालं नको हं, खडेमीठ घाला," काकूंनी वरून सांगितलं. काकूंचा लोणच्याचा अनुभव दांडगा असल्याने अण्णांनी वाद घातला नाही. कोणीतरी नारळ फोडला. पाणी खड्ड्यात गेलं, खोबरं कमिटीत. अण्णांनी मीटर लावून रोध मोजला, तो पाच ओहमच्या आत आला, आणि काकूंनी घरी जाऊन वॉशिंग मशीनला अनवाणी हात लावून पाहिला. टाळ्या झाल्या.

त्या संध्याकाळी एनओसी आली. सोबत इतिवृत्ताची प्रत : 'सभासदांच्या सुरक्षिततेसाठी कमिटीने वेळीच पुढाकार घेऊन इमारतीचे अर्थिंग नूतन केले.' खर्चाबद्दल लिहिलं होतं की दोष ज्यांच्या गाडीमुळे उघडकीस आला त्यांनी निम्मा सोसावा. आमची गाडी अजून भांडायला शिकलेली नाही, त्यामुळे मी सोसला.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. वीज कंपनीचं कोटेशन भरलं, मीटर आला. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पाइपातून ओढली, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी बसवला, भिंतीवर डबा टांगला. एका दुपारचं काम. चहा दोनदा झाला. आता गाडी रात्री तासाभराच्या आत भरते आणि उरलेली रात्र उभी राहते. फास्ट चार्जरचा खरा उपयोग अजून एकदाही झालेला नाही. तो गाद्यांसारखा अडीअडचणीची वाट बघतोय.

तर वाचकहो, इलेक्ट्रिक गाडी घ्या किंवा घेऊ नका. पण आज जरा मीटर रूममध्ये डोकावून ती हिरवी पट्टी जमिनीत शिरते की नाही तेवढं बघून या. शिरत नसेल तर लगेच गाडी बुक करा. नुसत्या अर्जावर कुठलीही सोसायटी खड्डा खणत नाही.