सेल्फचा वरचा बोल्ट : नवशिक्यांसाठी

जुना ट्रक स्वतः दुरुस्त करायची हौस असेल तर सुरुवात सेल्फपासून करा. किल्ली फिरवली की गाडी नुसतं 'टक्' करून गप्प बसते, म्हणजे सेल्फ गेला. असं चहाच्या टपरीवर चार जण तरी सांगतील. चौघांचं एकमत झालं की बाकी काही तपासण्यात वेळ घालवू नका.

आधी चाकांना दगड लावा. मग बॅटरीची अर्थची वायर काढा, नाहीतर पाना चुकून सेल्फच्या जाड वायरीला आणि चासीला एकदम टेकला की दिवाळी. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचलेली दिसेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा, आपल्याला मोठं काम आहे.

सेल्फ फ्लायव्हीलच्या हाउसिंगला बोल्टांनी आवळलेला असतो. खालचा बोल्ट दिसतो आणि उगीच हुरूप येतो. वरचा दिसत नाही. तो आहे यावर श्रद्धा ठेवायची. त्यावरून कारखान्याला शिव्या देऊ नका. आपल्याकडे ट्रक वर्षानुवर्षं नुसती चासी म्हणून विकला जायचा, पुढे काउल आणि मागे सगळं उघडं. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज निघू लागल्या, त्यांचीही तीच तऱ्हा. कारखान्यात हा बोल्ट लख्ख उजेडात होता, शेजारी उभं राहून आवळता येत होता. पुढे बॉडीवाल्याने लाकडी केबिन बांधली. पहिल्या मालकाने फळ्यांवर पत्रा ठोकला, दुसऱ्याने प्रेशर हॉर्नची टाकी बसवली, तिसऱ्याने टेपच्या वायरी ओढल्या. तुम्ही चौथे.

आता गाडीखाली आडवे व्हा. डोळ्यांत माती पडेल, मिटून घ्या. तसाही त्यांचा इथे उपयोग नाही. तर्जनीने बोल्टचं डोकं चाचपा. सहा कोन लागले तर नशीब. गोल लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी पकडीने प्रयत्न करून गेलाय. गंजला असेल तर डिझेल सोडून रात्रभर तसाच ठेवा आणि घरी जाऊन जेवा.

गोटी पाना इथे शिरत नाही. रिंग पाना शिरतो, पण फिरत नाही. फिक्स पाना घ्या आणि त्याचं तोंड नीट बघा. ते दांड्याला सरळ नसतं, 15 अंशांनी तिरकं असतं. ही खोड नव्हे, सोय आहे. षटकोनी डोक्याला पुढची पकड घ्यायला 60 अंश फिरावं लागतं. पण दर वेळी पाना उलटा करून लावला की 30 अंशांच्या जागेतही काम भागतं. एकदा सुलटा, एकदा उलटा. असं साधारण चाळीस वेळा. मधे केव्हातरी शंका येईल की आपण बोल्ट सोडतोय की आवळतोय. आडवं पडून, हात डोक्यामागे नेऊन, बोल्टच्या पाठीमागून बघताना दिशा उलटी होते, हे चाळिसाव्या वेळी आठवतं.

वॉशर पडेल. पडल्याचा आवाज येईल, जमिनीवर पोचल्याचा येणार नाही. चासीवर शोधा, गिअरबॉक्सवर शोधा, शेवटी स्वतःच्या शर्टात शोधा. परत बसवताना पान्यात ग्रीसचा गोळा भरा, म्हणजे बोल्ट त्यात चिकटून राहतो. मिस्त्री लोक हे सांगत नाहीत. त्यांना वाटतं, सगळ्यांना माहीतच असतं.

शेवटचा आटा सुटायच्या आत सेल्फखाली जुन्या ट्यूबचा पट्टा अडकवा. भरल्या कळशीचं वजन आहे ते, आणि बरोबर खाली तुमची छाती.

सेल्फ निघाला! गोणपाटात गुंडाळा, वायरिंगवाल्याकडे न्या. तो त्याला पायाखाली दाबून धरेल, चांगल्या बॅटरीच्या दोन वायरी लावेल, आणि सेल्फ गरगर फिरेल. "शेठ, हा तर ओके आहे," तो म्हणेल. "टर्मिनल घासलं होतं का?"

पॉलिशपेपरचा तुकडा त्याच्याकडूनच घ्या. टर्मिनलला दोन मिनिटं पुरतात. वरच्या बोल्टसाठी उद्याचा दिवस मोकळा ठेवा.