नाना आणि त्यांचा बॅशआरसी

लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येक ऑफिसात एक नाना असतात. वय जेमतेम पस्तीस. पण दुसऱ्याच्या टर्मिनलमध्ये मान घालून ‘हं...’ म्हणण्याची एक ढब असते, तिच्यामुळे माणूस अकाली नाना होतो.

नवी आलेली मुलगी सांगते, वरचा बाण दाबला की मागची कमांड यायच्या ऐवजी टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि ए उमटतोय. नाना कीबोर्डकडे बघतही नाहीत. “अगं, खातं कोणी उघडलं तुझं?” उबुंटूवर युजरअ‍ॅडला शेल कोणता ते सांगितलं नाही, तर नव्या माणसाच्या पदरात साधा एसएच पडतो, आणि 2006 पासून तिथे एसएच म्हणजे डॅश. चपळ खरा, पण बाणाची कळ त्याच्या गावीही नसते. शेल बदलून बॅश, पुन्हा लॉगिन. काम अर्ध्या मिनिटाचं, प्रवचन जेवणाच्या सुट्टीपर्यंत. कोणाचा टर्मिनल गोठला, तर नाना लांबूनच ओरडतात, “कंट्रोल क्यू!” सेव्ह करायच्या सवयीने गड्याने कंट्रोल एस दाबलेलं असणार, आणि ती टेलिप्रिंटरच्या काळापासूनची ‘थांब’ची खूण. बायनरी फाइल कॅट करून अक्षरांचा विचका केला असेल, तर “रीसेट टाइप कर, दिसत नसलं तरी.” हे सगळं बरोबरच असतं. तेच तर सहन होत नाही.

नानांचा स्वतःचा बॅशआरसी मात्र कंपनी बदलली तरी वारसाहक्काने बरोबर येतो. त्यात जागोजागी ‘हात लावू नये’ अशा टिपा. का लावू नये, ते त्यांनाही आठवत नाही. आणि अगदी पहिल्या ओळीत एको: रोमन लिपीत ‘नमस्कार नाना’.

परवा त्यांच्या खात्यावर एसएफटीपीने फाइल जाईना. ‘मेसेज फार लांब आला’, आणि पुढे आकडा: 1315007841. नानांनी नेटवर्कवाल्यांना फैलावर घेतलं, फायरवॉलचा उद्धार केला. शेवटी त्याच मुलीने आकडा फोडून दाखवला.

“नाना, हे एन, ए, एम, ए आहे. तुमच्या नमस्काराची पहिली चार अक्षरं. एसएफटीपीने ती मेसेजची लांबी समजून वाचली.”

नाना चष्मा पुसत राहिले.

“ओळ खाली घेतो,” ते म्हणाले, “माणूस लॉगिन झाला तरच चालेल अशी. पण पुसणार नाही हं. या ऑफिसात दुसरं कोण नमस्कार करतं मला?”