शहाणा फळा

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तास ऑनलाइन झाले आणि 'म्यूट' नावाचं बटण असतं, हे वसई-विरारच्या प्राध्यापकांना आठवडाभरात कळलं. आपण तासभर म्यूटवरच शिकवत होतो, हे कळायला मात्र अख्खं सत्र गेलं.

आता वर्गात स्मार्ट बोर्ड आलाय. त्याचं प्रशिक्षण हवंच; यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत असले अभ्यासक्रम बढतीलाही लागतात. म्हणून सभागृहात पन्नास जण बसतात, तज्ज्ञ एकटाच बोर्डाला हात लावतो. मग समोसा, फीडबॅक फॉर्म, ग्रुप फोटो. विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळण्याआधी प्रमाणपत्र मेलवर हजर!

खरं प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी होतं. "सर, सोर्स बदला, एचडीएमआय करा," शेवटच्या बाकावरचा नालासोपाऱ्याचा पोरगा सांगतो. रिमोट कुठल्या कपाटात कुलूपबंद आहे, हे शिपाईमामांना ठाऊक. या दोघा गुरूंना प्रमाणपत्र नाही, बढती तर नाहीच.

सगळं जुळून येतं आणि नेमकी वीज जाते. सर शांतपणे खिशातून खडू काढतात. त्याला पासवर्ड लागत नाही. बोर्ड उरतो तो कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या दिवसापुरता.