गुडमार विरुद्ध जिलेबी

घाटकोपर पूर्वेला राहून साखर सोडणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर त्याचा रक्ताचा रिपोर्ट नुकताच आलेला असतो. मी दुसऱ्या गटातला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरची साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे सहा चमचे. आमच्याकडे एवढी नाश्त्यालाच संपते.

उपाय सुचवणारे दोन पक्ष लगेच उभे राहिले. तळमजल्यावरचे काका मनोनिग्रहवाले. "मनात आणलं की झालं!" ते चहात साखर घेत नाहीत, बिनसाखरेच्या चहात पार्ले-जी मात्र बुडवतात. दुसऱ्या पक्षात आमचा भाचा. त्याने क्रोमियमच्या गोळ्या आणल्या. एका गोळीत 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाच हजारावा हिस्सा. एवढ्याशा शिपायाला दसऱ्याच्या जिलेबीसमोर उभं करायला मन धजेना.

मग गुडमारच्या कॅप्सूल आणल्या. या वेलीचं पान चावलं की साखर गोड लागत नाही, हे एजवर्थ नावाच्या अधिकाऱ्याने 1847 सालीच नोंदवलंय. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोडाच्या जागा अडवून बसतात, अर्धा-पाऊण तास हलत नाहीत.

"पण मामा, हे सगळं जिभेवर होतं," भाचा म्हणाला. "तू कॅप्सूल गिळतोयस. जिभेला कळणार कसं?"

घरात सायन्सचा विद्यार्थी असू नये.

दसऱ्याच्या सकाळी कॅप्सूल फोडून कडूजहर पावडर जिभेवर चोळली. तेवढ्यात शेजारच्या भाभी ताट घेऊन दारात. पहाटेपासून फरसाणवाल्याच्या रांगेत उभं राहून मिळवलेले फाफडा-जिलेबी. "शुकनाची आहे, ना नाही बोलायचं!"

जिलेबी तोंडात टाकली आणि गुडमार खरं ठरलं. गोडवा गायब, उरलं गरम तूप आणि आंबवलेल्या पिठाचा आंबटपणा. खात्री करावी म्हणून आणखी एक घेतली. तीही तशीच. मग औषधाचा अंमल उतरला का, हे अधूनमधून तपासणं आलंच. तपासता तपासता तो उतरला, आणि त्यानंतरची जिलेबी काय गोड लागली म्हणून सांगू!

बंदी जिभेवर होती. हाताला कुणी नोटीस दिलीच नव्हती.

ताट रिकामं पाहून बायको म्हणाली, "अहो, ती पावडर उद्यापासून हाताला चोळा."