अनुस्वार चितपट

‘गावी हगामा असल्याने दोन दिवसांची रजा मिळावी.’ माझा हा अर्ज साहेबांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, “डॉक्टरांना दाखवलंत का?”

साहेब कोल्हापूरकडचे. तिकडे कुस्त्यांचं ‘मैदान’ असतं. आमच्या नगर जिल्ह्यात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. मूळ शब्द फारसी, हंगामा. म्हणजे गर्दी, गलका. आमच्या मातीत उतरल्यावर त्याचा अनुस्वार चितपट झाला आणि तेव्हापासून परजिल्ह्यात आमची अशी शोभा होते. त्याचा भाऊबंद ‘हंगाम’ शेतात राबतो, पण त्याने टिंब सांभाळलंय.

“त्यापेक्षा बाउट म्हणा,” साहेब म्हणाले. त्यांना बॉक्सिंगचा नाद. मी शब्दकोश काढला. बाउट म्हणजे मुळात वळण. नांगर एका सरीने जाऊन दुसऱ्या सरीने परत आला की एक बाउट. म्हणजे बाउटही कुणबीच निघाला! पैशासाठी लढले तर प्राइजफाइट. आणि रिंग? नाव गोलाचं, दोर चौकोनाचे. पूर्वी बघे गोल करून उभे राहत, त्याचं हे नाव. आमच्या आखाड्याभोवती अजून माणसांचाच गोल असतो, पुढे बसलेली पोरं आणि मागे ट्रॅक्टरवर चढलेले पाहुणे.

प्राइजफाइट मीही केलीय. सातवीत असताना रेवड्यांच्या कुस्तीला उतरलो. समोरचा पाचवीतला, म्हणून जोड मान्य केली. हलगी कडाडली, मी ऐटीत शड्डू ठोकला. दुसरा ठोकायच्या आत मला आभाळ दिसलं. त्याला मूठभर रेवड्या मिळाल्या. त्यातल्या दोन त्याने मला दिल्या, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या मी व्यावसायिक मल्ल आहे.

इनाम आता रेवडीवरून गाडीवर गेलंय. 2 फेब्रुवारी 2025 ला नगरच्याच वाडिया पार्कवर महेंद्र गायकवाडला हरवून पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि थार घेऊन गेला. त्याआधीच्या एका कुस्तीत निकाल न पटलेल्या मल्लाने थेट पंचांनाच लाथ मारली. मग जो गलका उठला, त्यात आमच्या शब्दाला त्याचा अनुस्वार सव्याज परत मिळाला.

हे सगळं मी साहेबांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रजा मंजूर केली आणि खाली शेरा मारला : ‘वैद्यकीय कारणास्तव’.