केसाला धक्का

आमच्या शाळेत गणित कच्चं असलेलं चालायचं, वेणी सैल असलेली चालायची नाही. मुलींना दोन वेण्या, त्याही दुमडून वर बांधलेल्या, आणि लाल रिबिनी. मुलांसाठी नियम एकच, 'केस बारीक असावेत', पण त्याची अंमलबजावणी पीटीच्या सरांकडे होती. प्रार्थना संपली की सर ओळीतून फिरत आणि संशयिताच्या डोक्यात दोन बोटं घालत. केस चिमटीत आले तर ते मोठे. मग खिशातून कात्री निघे. सर एकच चर पाडत, बाकीचं काम न्हाव्यावर सोडत. चर पडलेलं डोकं घेऊन मुलगा दिवसभर वर्गात बसे आणि संध्याकाळी मुकाट सोल्जर कट मारून येई. (2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. सर त्याआधीच निवृत्त झाले, हे त्यांचं नशीब.)

माझी अडचण वेगळी. माझे केस जन्मापासून भुरे. कोकणात घारे डोळे, भुरे केस ही काही अपूर्वाई नाही. आमच्या घरात निम्मी डोकी काथ्याच्या रंगाची. पण नव्या बाई घाटावरून आलेल्या.

"मेंदी लावतेस का गं?"

"नाही बाई."

"मग हे काय?"

आईने चिठ्ठी दिली : 'चि. हिचे केस मुळातच भुरे आहेत. ती वडिलांवर गेली आहे. कळावे.' बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि वडिलांना बोलावून घेतलं. बाबा आले. बाबांना पूर्ण टक्कल होतं.

पुरावाच नाही म्हटल्यावर आजीने प्रकरण हाती घेतलं. खोबरेल इतकं थापलं की केस काळे दिसू लागले आणि माझ्या मागे बसणारीच्या वहीलाही त्याचे डाग पडले. शाळेचं समाधान झालं. या सगळ्या नियमांखाली ज्यांची सही होती ते मुख्याध्यापक स्वतः कलप लावत. महिनाअखेरीला कानशिलांवर पांढरं डोकावे, पगार झाला की पुन्हा काळंभोर.

हे खूळ आमच्याच शाळेचं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग जपानबद्दल वाचलं. तिथल्या कित्येक शाळा भुऱ्या केसांच्या मुलांकडून 'केस नैसर्गिक आहेत' असा दाखला घेत. काही ठिकाणी सोबत लहानपणीचा फोटो. ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलच्या मुलीने 2017मध्ये खटला भरला. तिचं म्हणणं, केस जन्मतः भुरे असूनही शाळा ते पुन्हा पुन्हा काळे करायला लावते. म्हणजे केस रंगवायला बंदी, सबब केस रंगवून या! 2021मध्ये कोर्टाने 3 लाख 30 हजार येन भरपाई दिली, पण ती तिचं बाक वर्गातून हलवलं आणि नाव पटावरून काढलं म्हणून. केसांचा नियम कोर्टाला रास्तच वाटला. आमचे पीटीचे सर तिकडे न्यायाधीश झाले की काय, कोण जाणे.

टोकियोत तर बाजूने बारीक आणि वर मोठे अशा कटावर काही शाळांत बंदी होती. 2020मध्ये एका लोकप्रतिनिधीने कारण विचारलं, तेव्हा शिक्षणप्रमुखांनी सांगितलं की दिसण्यामुळे मुलं गुन्ह्यात किंवा अपघातात सापडतात. 2022च्या एप्रिलपासून टोकियोच्या सरकारी शाळांनी असे नियम काढून टाकले. त्यानंतर कुणी केसांमुळे मोटारीखाली आल्याचं ऐकिवात नाही.

वेण्या घट्ट बांधा, हे मला आजही पटतं. डोक्याला डोकं लावून कुजबुजणाऱ्या पन्नास मुलींच्या वर्गात उवांना एवढा तरी अडथळा हवाच. रंगाला मात्र असलं काही कारण सापडत नाही. भाचीच्या शाळेच्या दैनंदिनीत अजून छापलेलं आहे : 'केसांचा रंग नैसर्गिक असावा.' मुख्याध्यापक महोदय, नियम जरूर ठेवा. फक्त तो स्टाफरूमलाही लावा, आणि तपासणी महिनाअखेरीला करा.