पालथा पड!

मी नववीत होतो तेव्हा जतच्या स्टँडजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमची तीन मशिनं होती. एकावर मुस्तफा चालायचा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते घेणारा माणूस जत तालुक्यात मला तरी भेटला नाही. टोपीवाल्या मुस्तफाला गुंडांनी चारी बाजूंनी घेरलं की मारायचं आणि उडीचं बटण एकदम दाबायचं. गडी गरकन असा फिरायचा की आजूबाजूचे सगळे उताणे. बदल्यात स्वतःची थोडी लाइफ जायची. कोंडी फोडायला थोडं रक्त द्यायचं, हा व्यवहार मला फार पटला. इतका, की समोर एकटा गुंड उभा असला तरी मी दोन्ही बटणं दाबायचो. मरेपर्यंत गुंडांनी मला कमी आणि मीच मला जास्त मारलेलं असायचं.

दुसऱ्या मशिनवर स्ट्रीट फायटर. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं त्याचा दुसरा भाग १९९१ मध्ये काढला. तो जतपर्यंत यायला म्हैसाळच्या पाण्याइतका उशीर झाला नाही, पण झालाच. यात माणसाविरुद्ध माणूस. माझ्यासमोर बहुतेक वेळा उमदीकडचा एक कानडी पोरगा असायचा. घरच्यांबरोबर बाजाराला यायचा, पिशवी दोन पायांत धरून खेळायचा आणि मला पडद्याच्या कोपऱ्यात नेऊन कोंडायचा. मी पडलो की हा माझ्या उशाशी उभा. मी उठायला आणि त्याची लाथ यायला एकच गाठ. वर हळू आवाजात "बा... बा..." म्हणायचा. म्हणजे ये, ये. वासराला बोलावतात तसं.

यातून सुटायची विद्या होती. माझा गडी केन, तो उठता उठता स्टिक पुढं, मग खाली, मग तिरकी खाली-पुढं, आणि बुक्की. याला शोर्यूकेन म्हणतात, आम्ही म्हणायचो 'उडती बुक्की'. ती वेळेवर निघाली तर सुरुवातीच्या त्या क्षणात केनला काहीच लागत नाही, उलट वरून मारणाराच उडतो. खेळणारे याला रिव्हर्सल म्हणतात. अडचण एवढीच की पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं पळतात, त्यातलं नेमकं एक धरायचं. मला दारात उभी असलेली उमदी गाडी धरता येत नव्हती.

आणि चुकून धरलंच, तर उमदीकरानं ते ओळखलेलं असायचं. तो लाथ मारायचाच नाही, नुसता हात आडवे धरून उभा राहायचा. माझा केन लाल कपड्यात एकटाच आभाळात. खाली हा, जांभळीखाली पोरं उभी असतात तसा, मी पडायची वाट बघत.

एकदा मला शोधत मामा आला. मामा तालमीतला. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मारलं, हे तो असं सांगायचा की विमानात हाच शेजारी बसला होता. मामानं माझा कान धरला, आणि कान धरूनच मॅच बघत राहिला.

"लगा, पडल्या पडल्या उठतुयास कशाला? पालथा पड की! पाठ टेकू दिऊ नगं. मातीला गोचडीगत चिकटून ऱ्हा. वरचा दमतुया, मग बघ."

"मामा, हा आपोआप उठतो."

"कोण उठवतंय त्येला?"

"कंपनी."

"मग कंपनीला कुस्ती कळत न्हाई," मामा म्हणाला आणि मग कान पिळला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लाल मातीत पाठ टेकली की चितपट, म्हणून खाली गेलेला पैलवान पोटावर पडून राहतो. वरचा मानेवर घुटना ठेवतो, घिस्सा ओढतो, खालचा घामानं चिखल करतो पण वळत नाही. शिवाय डावाला तोड असते आणि तोडीलाही तोड असते. टेकन नावाच्या गेममध्ये हे आहे: आलेला ठोसा धरून उलटवायची तोड, आणि त्या तोडीवरची तोड. या दुसरीला खेळणारे 'चिकन' म्हणतात. मामाला आवडलं असतं.

खरं तर कोंडीचा अभ्यास करायला जतकरानं जपानला जायची गरज नाही. तालुक्यातल्या उमराणीला १६७३ च्या एप्रिलमध्ये प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला गाठला आणि त्याचं पाणी तोडलं. एप्रिलमध्ये, आमच्या भागात! याहून मोठा कोपरा नाही. खान काकुळतीला आला, सुटला, आणि पुढं पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराज रागावले, आणि १६७४ मध्ये नेसरीला प्रतापराव सहा स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले. तिथं विनोद करायची माझी छाती नाही. खानाची रीत मात्र मी पार्लरमध्ये चालवली. "सोड की, शेवटचा रुपया हाय." उमदीकर भला, सोडायचा. चड्डीच्या चोरखिशातून दुसरा रुपया काढून मी पुन्हा चालून जायचो.

लग्न झालं, मशिनं गेली, बोटांची सवय राहिली. "गॅस लावला का नंबरला?", "लाइट बिल?", "आईंच्या गोळ्या?" असं एकामागून एक आलं की शहाणा माणूस नुसतं हूं हूं करत अडवून धरतो. मी दोन्ही बटणं दाबतो. "तुझ्या भावानं तरी कधी..." क्षणभर सगळीकडं शांतता होते, मुस्तफा फिरल्यासारखी. नंतर आठ दिवस डब्यात दोडका.

तरी उमेद होती. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत, म्हणजे मान्यांच्याच जत्रेत, स्ट्रीट फायटरलाही पदक होतं आणि सुवर्ण नेलं कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वूनं. हे वाचून मी दोन दिवस मनगटं फिरवत होतो.

मग मार्गशीर्षात यल्लम्माच्या जत्रेला पुतणी पुण्याहून आली, टेकन घेऊन. पहिल्या दहा सेकंदांत मी भिंतीला. सगळी बटणं दाबली, पडलो. आणि लक्षात आलं, हा आपोआप उठत नाहीये! या गेममध्ये पडलेला पडून राहू शकतो. माझा गडी तर तोंड मातीत खुपसून चक्क पालथा. मामा आज असता तर कंपनीला नारळ पाठवला असता.

मी रिमोट मांडीवर ठेवला. पुतणीनं एक लाथ घातली, दुसरी घातली. लाइफ थोडी थोडी जात होती.

"काका, उठा ना!"

"अहो, जत्रेतून परडी आणायला सांगितली होती, आणली का?" स्वयंपाकघरातून.

मी हललो नाही. वर घड्याळ उलटं पळत होतं. वीस. दहा. पुतणी दमली, हसायला लागली, पुन्हा लाथ घातली. टाइम अप.

"हरलात, काका."

"पाठ टेकली का माझी?"

"काय?"

"परडीचं विचारतेय मी!"

"पाठ," मी म्हणालो, "टेकली का ते बघ आधी."